पीएस५ आणा, पण आधी दिव्याचं बघा

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरात पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला जाताय, रिकामा फ्लॅट ठरलाय, पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल, सोबत न्यावा का, आणि कामावरून आल्यावर दोन तास निवांत खेळता येईल इतपत घर कधी लागतं? व्हिसा, विमा वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

न्या. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, ट्रान्सफॉर्मर नको. मागची वायर इंग्रजी आठच्या आकाराची, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तीच. तिथल्या प्लगची नवी घ्या, अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅडॉप्टर चढवू नका. पहिल्या मॉडेलचा डिस्कवाला पीएस५ साडेचार किलोचा आणि केबिन बॅग साधारण सात-आठ किलोची, म्हणजे लॅपटॉप ठेवला की बॅग भरलीच. कंट्रोलरमध्ये लिथियम बॅटरी असते, तो केबिनमध्येच. जुनं बिल जवळ ठेवा: किमान सहा महिने वापरलेलं घरसामान तिकडे राहायला जाताना करमुक्त नेता येतं, निघायच्या आठवड्यात घेतलेलं नवं नाही.

निघण्याआधी घरच्या वायफायवर तीन कामं उरका. गेम पूर्ण डाउनलोड करून ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू आहे ना ते बघा, नाहीतर नेट नसताना विकत घेतलेल्या डिजिटल गेमलाही कुलूप दिसेल. आणि प्लेस्टेशन अकाउंटचा ओटीपी भारतीय सिमवर येत असेल तर तो ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर हलवा. अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. तिथली डिस्क तुमच्या कन्सोलवर चालेल, पण तिचं डीएलसी, म्हणजे गेमचा वेगळा विकत घ्यायचा जादा भाग, भारतीय स्टोअरमधून घेतलं तर जुळेलच असं नाही.

एवढी तयारी अशासाठी की नेट सगळ्यात शेवटी येतं. पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची. त्याला घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं, भाडेकरार चालत नाही. ते पत्र किल्लीबरोबरच मागून घ्या. आता नावाचं. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही बऱ्याचदा बसलेलं असतं. तिथे ती दोन्ही तुमचीच पहिली नावं धरली जातात. बँकेत एक, नेटच्या करारात दुसरं असं झालं की ओळख पडताळणी अडते, आणि मग ‘हे माझे वडील आहेत’ हे कागदोपत्री समजावत बसा. या एका गोष्टीवर माझं डोकं अजून फिरतं. पासपोर्टात आहे तसंच, पूर्ण, सगळीकडे लिहा. बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव पहिल्याच दिवशी लावा. तिथे फ्लॅट नंबर बहुतेक नसतोच, त्यामुळे नाव दिसलं नाही तर टेक्निशियन आणि पार्सल दोन्ही परत जातात.

टेक्निशियनची वेळ ‘८ ते १२’ अशी असते. जोडणीचा डबा बहुधा तळघरात, त्याची किल्ली इमारतीच्या केअरटेकरकडून आदल्या दिवशी घ्या. टेक्निशियन आलाच नाही तर १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, जे जास्त असेल ते, मागण्याचा हक्क डिसेंबर २०२१पासून आहे. मागा, आपण होऊन कुणी देत नाही. डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट, असेल तर राउटर भिंतीवरच्या सॉकेटच्या ‘एफ’ खाचेत. नेट आलं तरी १०० जीबीचा गेम १६ एमबीपीएसवर चौदा तास खातो.

आता दिवा. जुना भाडेकरू दिवे काढून नेतो, बऱ्याचदा किचनचं फिटिंगही. छतातून नुसत्या वायरी लोंबतात. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे फेज, हे हातात इतकं मुरलेलं असतं की माणूस बघतही नाही. तिथे तपकिरी किंवा काळी फेज असते, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंगची. आणि खूप जुन्या इमारतीत लाल चक्क अर्थिंगची निघते. रंगावर विसंबू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर एक उभा दिवा आणि स्विचवाला एक्स्टेंशन बोर्ड, एवढ्यावर खोली लागते. टीव्ही स्टँडवरच ठेवा. भिंतीला पाडलेली भोकं घर सोडताना बुजवावी लागतात. रात्री दहानंतर हेडफोन. टीव्हीवर फक्त गेम खेळलात तरी घरटी १८.३६ युरो महिना प्रसारण शुल्क आहेच.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात साडेबारा. उद्या ऑफिस असलेला मित्र साडेअकराला एक मॅच खेळतो, साडेबाराला नाही. भांडण होत नाही, ग्रुप नुसता गप्प होत जातो, आणि आपणही ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. यावर माझ्याकडे उपाय आहे असं म्हणवत नाही. मुंबईच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो, तेव्हा गोळीबाराचे गेम विसरा. फुटबॉलही अडखळेल. पाळीपाळीने खेळायचा किंवा को-ऑपचा, म्हणजे सगळे एकाच बाजूने खेळतात असा, गेम निवडा, आणि रविवारी तुमचे दुपारचे चार, पुण्यात थंडीत रात्रीचे साडेआठ, ही वेळ निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.