प्रश्न तुमचे : हिरड्याच्या कापडावर काळा ठसा का पसरतो?

परभणीहून एक वाचक : ताई, सुती ओढणी हिरडा आणि डाळिंबाच्या सालींत रंगवली, पिवळा मस्त आला. मग लोखंडाच्या पाण्यात ब्लॉक बुडवून ठसे मारले. कडा पसरल्या आणि बादलीत भिजवून धुतल्यावर सगळी ओढणीच राखाडी झाली. असं का झालं?

ओढणी टाकून देऊ नका, तिचा इलाज पुढच्या उत्तरात आहे. हिरड्यात आणि डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, हिरडा चघळल्यावर जीभ तुरट होते ती त्यामुळेच, आणि लोखंड टॅनिनला लागलं की काळं होतं, जुन्या काळी लिहायची शाई पण याच जोडीतून बनायची. तुम्ही ब्लॉकवर घेतलं ते नुसतं लोखंडाचं पाणी होतं, काळा रंग कापडात गेल्यावर तयार झाला. त्यामुळे ते पाणी जिथं जिथं पोचलं तिथं तिथं काळं, एखादा थेंब उडाला तरी डाग.

म्हणून आधी ते घट्ट करा. चिंचोके भाजून, साल काढून, दळून पाण्यात शिजवायचे, घोंगडीला लावतात तीच खळ, फडक्यातून गाळून घ्यायची, नाहीतर गुठळ्या ब्लॉकच्या नक्षीत अडकून बसतात, आणि लोखंडाचं पाणी तिच्यात मिसळायचं. ब्लॉक खळीत बुडवायचा नाही. ट्रेमध्ये जाड कापडाची घडी ठेवा, तिच्यावर खळ पसरा आणि ब्लॉक तिच्यावर हलका टेकवून घ्या. आधी चिंधीवर एक ठसा मारून थोडं थांबा, कडेला ओलसर वर्तुळ दिसलं तर खळ पातळ आहे, अजून शिजवा.

पण तुमची ओढणी खरी बिघडली ती धुताना. ठशातलं जास्तीचं लोखंड बादलीत उतरतं आणि साठलेल्या पाण्यात अख्खी ओढणी ते ओढून घेते, तिच्यात टॅनिन बसलेलंच आहे ना. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीची कलमकारी, म्हणजे कापडावर कलमानं काढलेली नक्षी, स्वर्णमुखी नदीच्या काठी वाढली, तिथं कापड वाहत्या पाण्यात धुतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये नळाला धार नसते, टँकरचं पाणी मोजून वापरायचं, तेव्हा दोघींनी ओढणी तिरकी ताणून धरा आणि तिसरीनं वरून मगानं पाणी सोडत राहायचं, पाणी खाली निथळून गेलं पाहिजे, कापडात थांबायला नको. त्याआधी ठसे निदान एक रात्र तरी पूर्ण वाळू द्या.

आणि एक, बोअरचं पाणी वापरता का? ग्लासभर पाण्यात चिमूटभर हिरडा पूड टाकून बघा, पाणी करडं किंवा शाईसारखं झालं तर त्या पाण्यातच लोखंड आहे, मग तुम्ही काहीही केलं तरी पिवळा मळकटच येणार. अशा वेळी रंगवायला पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, धुवायला पण शक्यतो तेच. माझ्या मते आपल्या भागात अर्धे रंग पाण्यापायी बिघडतात आणि आपण उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

लोखंडाचं प्रमाण मात्र सांभाळा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाचं मीठ, वापरत असाल तर 100 ग्रॅम कोरड्या कापडाला 2 ते 4 ग्रॅम पुष्कळ झालं. काळा गडद यावा म्हणून जास्त टाकलं की सूत कुजतं, वर्ष-दोन वर्षांत बरोबर ठशाच्या जागीच कापड फाटतं.

लातूरहून : राखाडी झालेल्या कापडावर पांढरी नक्षी काढता येते का?

येते, आणि परभणीच्या ताईंनी हेच करावं. लिंबाचा रस नाहीतर लिंबूसत्व पाण्यात विरघळवून ब्रशनं लावा. आंबट लागलं की लोखंड सुटून येतं आणि काळं उडतं, खालचा हिरड्याचा फिकट पिवळा दिसायला लागतो, एकदम पांढरंशुभ्र होणार नाही. बारीक नक्षी हवी असेल तर रसात डिंक घालून घट्ट करा. मला स्वतःला ही पद्धत ब्लॉकपेक्षाही जास्त आवडते, डोळ्यासमोर करड्यातून पिवळी रेघ उघडत जाते आणि हात थांबतच नाही! हवं तेवढं उडालं की लगेच वाहत्या पाण्यात धुवा. आंबट कापडातच वाळलं, वरून ऊन किंवा इस्त्री लागली, तर सूत कमजोर होतं.

छत्रपती संभाजीनगरहून : कोल्ड डाय (थंड पाण्यात बसणारा रासायनिक रंग) केलेल्या कापडावर ब्लीचनं डिझाइन केलं तर चालेल? घरात आजीची जुनी हिमरू शाल पण आहे.

शालीला हात लावू नका. हिमरूत सुताबरोबर रेशीम असतं आणि क्लोरीनचं ब्लीच रेशीम खाऊन टाकतं. सुती कापडावर चालेल, पण पातळ करून, हातमोजे घालून, अंगणात बसून. काही रंग पांढऱ्यावर जातात, काही नारिंगी-तपकिरीवर अडतात, काही हलतच नाहीत, म्हणून आधी तुकड्यावर बघा. नुसत्या पाण्यानं ब्लीचचं काम पूर्ण थांबत नाही, धुतल्यावर हायपोच्या म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवून परत धुवा. व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये कधीच घालायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेततो. वरचा लिंबाचा प्रयोग आणि हा, दोन्ही एका दिवशी एका जागी करूच नका.

हिंगोलीहून एक शिक्षिका : पाचवीच्या मुलांकडून काय करून घेऊ? खर्च नको.

हळद. जुन्या धोतराचे, पांढऱ्या सुती साडीचे तुकडे हळदीच्या पाण्यात उकळून वाळवा, ते तुम्हीच करा. मग मुलांना कपड्याच्या साबणाचं पाणी आणि आडवी कापलेली भेंडी द्या. साबण क्षार, हळद क्षाराला लागली की लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात तेच हे. भेंडीचा चिकट रस आधी फडक्यानं पुसून घ्या म्हणजे पाकळ्यांचा ठसा स्वच्छ येतो. हा लाल टिकत नाही, लिंबू लावलं की परत पिवळा, मुलांना तीच गंमत दाखवा. हळदीचा पिवळा पण उन्हात उडतो, तेव्हा तुकडे वर्गात सावलीत टांगा आणि लोखंडाचं पाणी, ब्लीच यातलं काही वर्गात नेऊ नका.