फुफूच्या फंडाचं नंतर बघू, आधी मेडिकल एडचं सांगा

केपटाऊनहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४७, बायको ४४, मुलगी कॉलेजला. मूळ गाव कोकणातल्या खेड तालुक्यात, आजोबा बोटीने केपला गेले आणि सॉल्ट रिव्हरला दुकान टाकलं. यांचा जन्म केपटाऊनचाच, पण नऊ वर्षांचे असताना वडील सगळ्यांना घेऊन गावी परत आले, मग शिक्षण, नोकरी, लग्न, फ्लॅट सगळं पुण्यात. पासपोर्ट मात्र साऊथ आफ्रिकेचाच ठेवला होता. मागच्या वर्षी ३७ वर्षांनी कुटुंबासकट परत गेले. रायलंड्सला फुफू, म्हणजे आत्या, राहतात, अजून घरात बाणकोटीच, म्हणजे कोकणी मुसलमानांची बोली, बोलतात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे २२ घरं जमतात. प्रत्येक घर १,००० रँड टाकतं, त्यातून मयत, निकाह, मुलांच्या फिया. प्रश्न असा की "आम्ही इतकी वर्षं काहीच दिलं नाही, तर मागची भरपाई म्हणून दीड लाख रँड एकदम देऊ का, की दर महिन्याला ३,००० टाकू?"

दोन्ही नको. सगळे टाकतात तेवढे १,००० टाका.

याचं कारण पुढे सांगतो, कारण तुमच्या पत्रातल्या अगदी शेवटच्या ओळीनं मी हादरलोय. "बाकी मेडिकलची काळजी नाही, पुतण्याने हॉस्पिटल प्लॅन करून दिलाय, ६५० रँडमध्ये तिघांचं होतं, शिवाय पुण्याची ५ लाखांची मेडिक्लेम चालू आहे." आणि त्याच्याच दोन ओळी आधी तुम्ही लिहिलंय की बायकोला शुगर आहे.

भाऊ, पुतण्याने तुम्हाला जे दिलंय तो हॉस्पिटल प्लॅन नाहीये. सोबत पाठवलेला कागद मी वाचला, तो हॉस्पिटल कॅश प्लॅन आहे. नावात एक शब्द जास्त आहे आणि सगळा फरक त्या शब्दात आहे. हॉस्पिटल प्लॅन म्हणजे मेडिकल स्कीमचा (मेडिकल एड म्हणतात तीच, सभासदांच्या हप्त्यांतून बिलं भरणारी योजना) साधा पर्याय, जो हॉस्पिटलचं बिल भरतो. कॅश प्लॅन बिल भरत नाही, ॲडमिट असाल तितक्या दिवसांचे ठरलेले पैसे देतो, तुमच्या कागदावर दिवसाला १,५०० रँड. समजा बायपास झाली आणि सात दिवस राहावं लागलं तर हातात येणार १०,५००, आणि खाजगी हॉस्पिटलचं बिल सहज दोन-अडीच लाख रँडच्या घरात. उरलेले कोण देणार? आणि खाजगीवाले आधी डिपॉझिट मागतात ते वेगळंच. पुण्याची मेडिक्लेम भारतातल्या उपचारांसाठी आहे, केपटाऊनच्या हॉस्पिटलात ती एक रुपया देणार नाही. ग्रूट स्कूरसारखं सरकारी हॉस्पिटल आहे, जगातलं पहिलं हृदयरोपण १९६७ ला तिथेच झालं, डॉक्टर उत्तम आहेत, पण तातडीचं नसलेल्या ऑपरेशनसाठी किती थांबावं लागतं ते फुफूंनाच विचारा.

असले प्लॅन "मेडिकल" म्हणून विकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पुतण्या पोरगा आहे, त्याला कंपनीने जे शिकवलं ते त्याने सांगितलं असेल, त्याच्याशी भांडू नका. पण तुम्हीही तो कागद न वाचता सही केलीत कारण समोर घरचा मुलगा होता आणि नुकतंच नातं जुळत होतं, नाही म्हणवलं नाही. हे मी खूप परत गेलेल्या लोकांत बघतो. जाऊन सहा महिने होत नाहीत तोवर प्रत्येक जण काहीतरी विकत घेऊन बसलेला असतो आणि विकणारा नात्यातलाच असतो.

आता खरी महाग गोष्ट. साऊथ आफ्रिकेत पस्तिशीनंतर पहिल्यांदा मेडिकल स्कीम घेणाऱ्याला उशिराचा दंड लागतो, लेट जॉइनर पेनल्टी म्हणतात. पस्तिशीनंतर जितकी वर्षं स्कीमशिवाय काढली तितका दंड जास्त: १ ते ४ वर्षं असतील तर हप्त्यावर ५ टक्के, ५ ते १४ ला २५ टक्के, १५ ते २४ ला ५० टक्के, त्याच्या पुढे ७५. आणि हा एकदा लागला की सुटत नाही, जन्मभर हप्त्यात राहतो. भारतातली मेडिक्लेम यात धरत नाहीत आणि पुतण्याचा कॅश प्लॅन तर नाहीच, कारण ती नोंदणीकृत मेडिकल स्कीम नाही. तुमची १२ वर्षं झाली, बायकोची ९, म्हणजे आज गेलात तर दोघंही २५ टक्क्यांत. तुमचा पन्नासावा वाढदिवस झाला की तुम्ही ५० टक्क्यांत, म्हणजे तुमच्या हातात तीनच वर्षं आहेत, बायकोच्या सहा.

साध्या प्लॅनचा हप्ता माणशी ३,००० धरू, दोघांचे ६,०००. २५ टक्क्यांनी ७,५०० होतात, ५० टक्क्यांनी ९,०००. फरक महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००, पंचवीस वर्षांत साडेचार लाख रँड, रँडला पाच रुपये धरले तर साडेबावीस लाख रुपये. हप्ते दर वर्षी वाढतात ते मी यात धरलेलंच नाही. मुलीचा हप्ता कमी असतो आणि तिला दंडही नाही.

तुम्ही भरपाई द्यायला निघालात ती इथे द्यायची आहे. उशिरा आल्याचा दंड फुफूंच्या घरी कुणीच मागितलेला नाही.

अजून एक, तिथले कायदे आपल्यापेक्षा एका बाबतीत फार चांगले आहेत. आजार आहे म्हणून स्कीम तुम्हाला नाकारू शकत नाही आणि शुगर आहे म्हणून हप्ताही जास्त लावू शकत नाही. फक्त थांबायला लावू शकते, सुरुवातीचे तीन महिने सगळ्यालाच आणि आधीच्या आजाराला बारा महिने. म्हणजे बायकोच्या शुगरचं पहिलं वर्ष खिशातून जाणार हे धरून चाला आणि ते वर्ष जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. तुम्ही लिहिलंय की विमा हा प्रकार घरात फारसा पटत नाही. त्यातलं धर्माचं मी बोलणार नाही, ते तुमच्या मौलानांना विचारा, पण एवढं सांगतो की तिथल्या मेडिकल स्कीम कायद्याने ना-नफा आहेत, सभासदांनी एकत्र टाकलेल्या पैशातून सभासदांचीच बिलं जातात. फुफूंचा फंड असाच चालतो ना? तो २२ घरांचा, हा लाखो घरांचा. या स्कीमवर देखरेख ठेवणाऱ्या कौन्सिल फॉर मेडिकल स्कीम्सच्या यादीत नाव आहे का ते बघूनच फॉर्म भरा, आणि पुतण्याचा प्लॅन स्कीमचे पहिले तीन महिने संपल्यावरच बंद करा.

पैशाचं गणित जमतं का बघू. हातात ४५,००० येतात, भाडं १४,०००, बाकी घरखर्च आणि मुलीचं मिळून तुम्ही २०,००० लिहिलेत. उरले ११,०००. मेडिकल एडला मुलीसकट ९,००० गेले की २,००० राहतात, त्यातले १,००० फंडाला. तुमचे ३,००० मी कुठून काढू सांगा? बायकोच्या गोळ्या, तपासण्यांसाठी आणि अडीअडचणीला म्हणून दीड लाख रँड मात्र वेगळे ठेवा, हो, तेच दीड लाख.

ते आणायचे फ्लॅट विकून आलेल्या पैशातून. ६२ लाख अजून पुण्याच्या साध्या बचत खात्यात आहेत, ते चूक आहे. तुम्ही कायमचे परदेशी गेलात की ते खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं, बँकेला आजच मेल टाका. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्यासाठीचे कराचे फॉर्म सीएकडून करून घ्यावे लागतात, रक्कम तुमच्यासाठी अडचणीची नाहीच. आणि तुम्ही आता तिथले कर-रहिवासी आहात, त्यामुळे पुण्यातलं व्याजसुद्धा तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, तिथलं वर्ष १ मार्चला सुरू होतं.

गावच्या बागेतल्या हिश्श्याचे १५ लाख "लवकरच" येतील असं लिहिलंत, ते मी शून्य धरलेत. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, वारस खेड, मुंब्रा आणि केपटाऊनमध्ये मिळून १९, त्यातले तिघं वारले आणि त्यांच्या मुलांची वारस नोंद नाही. ज्याने तुम्हाला लवकरच सांगितलं त्याने तलाठ्याकडे एक चक्कर तरी मारली आहे का? शेतजमीन विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येईल तुम्हाला, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकंच.

आता फंडाचं. दीड लाख नको म्हणतो कारण बाविसात एका घराने इतकी रक्कम टाकली की ते घर वेगळं होतं. पुढच्या प्रत्येक निकाहला, प्रत्येक फीला पहिली नजर तुमच्याकडे जाईल, कुणी मुद्दाम करणार नाही पण होतं. तुम्हाला तिथे घरचं व्हायचंय ना? मग सगळ्यांइतके द्या. आणि ज्या दुराव्याची तुम्ही भरपाई करताय तो तुमच्या वडिलांनी केलेला नाही. आजोबांच्या पिढीत केपमधून गावी यायला फोटो आणि हाताच्या ठशांचा परवाना लागायचा, मुदतीत परतला नाहीत तर दार बंद, म्हणून तर बायका-पोरं गावी आणि बाप दुकानात अशी घरं दोन किनाऱ्यांवर फाटली. १९४६ पासून भारताचा त्या देशाशी व्यापार बंद होता, राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले ते १९९३ ला. फुफूंना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

द्यायचंच असेल तर एक सुचवतो. त्या १९ वारसांपैकी बरेचसे पहिल्या रविवारी त्याच खोलीत असतात. वारसांची यादी, मृत्यूचे दाखले, कोण कुणाचा, हे फुफूंना विचारून लिहून काढा, त्यांचं वय ८४ आहे आणि हे सांगू शकणाऱ्या त्याच उरल्यात. मुखत्यारपत्र तिथे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून इथे चालतं. याला तुमचे चार-पाच रविवार लागतील. मेडिकल स्कीमचा फॉर्म मात्र या आठवड्यातच भरा.