दुधाच्या जुन्या काचेच्या बाटलीच्या तळावर ‘४७’ असा आकडा आहे. ती १९४७ची समजावी का?

केवळ आकड्यावरून समजू नये. आपली बाटली अमेरिकी आहे आणि तिच्यावर डेअरीचे नाव उठावाच्या अक्षरांत आहे, एवढेच आपण लिहिले आहे. पण बाटलीवर उमटलेला आकडा म्हणजे तिचे जन्मसाल, याच समजुतीपायी माझ्या दाजींनी माझ्याशी दोन वर्षे अबोला धरला होता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दाजींनी गडद जांभळ्या रंगाची एक बाटली बरेच पैसे मोजून घेतली आणि तिच्यावर १८८९च्या पेटंटचा उल्लेख असल्यामुळे ‘१८८९’ अशी चिठ्ठी लावून ती काचेच्या कपाटात ठेवली. घरी पाहुणे आलेले असताना त्यांनी ती कौतुकाने माझ्या हातात दिली, आणि मी सवयीप्रमाणे आधी ती उलटी केली. तळाच्या मध्यभागी लहानसे गुळगुळीत वर्तुळ होते, जे काच आधी दाबून मग फुंकणाऱ्या यंत्राच्या झडपेमुळे उमटते. शिवाय साच्याच्या सांध्याची रेघ मानेवरून थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेलेली होती. कारागिराने तोंडाला हाताने आकार दिला असता, तर ती रेघ कडेच्या खालीच पुसली गेली असती. बाटली विसाव्या शतकातली आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ‘मग १८८९ काय उगाच घातले आहे?’ असे दाजींनी विचारले. ते पेटंट तोंडाच्या आतील ज्या खाचेवर झाकणाची पुठ्ठ्याची चकती बसते तिचे होते, आणि पेटंटचे साल साच्यात एकदा घातले की पुढे कितीही वर्षे बाटल्यांवर उमटत राहते, हे त्यांना आजही मान्य नाही.

रंगाविषयी तर मी अधिकच स्पष्ट बोललो. काचेतील हिरवट छटा घालवण्यासाठी पूर्वी मँगनीज वापरत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा वापर मागे पडला. वांग्यासारखा गडद रंग मात्र बहुधा विक्रेत्यांनी किरणोत्सर्गाच्या यंत्रातून आणलेला असतो, आणि माझ्या मते हा चांगली बाटली नासवण्याचाच प्रकार आहे.

आता आपल्या आकड्याकडे वळतो. समभुज चौकोनावर ‘ओ’ आणि त्याच्या आत ‘आय’ अशी ओवेन्स-इलिनॉय कंपनीची खूण असेल, तर तिच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा आणि उजवीकडचा सालाचा असतो. ‘४७’ उजवीकडे असल्यास १९४७ म्हणायला हरकत नाही. अशी कोणतीच खूण नसेल, तर तो साच्याचा क्रमांकही असू शकतो. काचेवर भाजून पक्क्या केलेल्या रंगाची छपाई १९३०च्या दशकापासूनची आणि चौकोनी बाटल्या मुख्यतः १९४०च्या दशकापासूनच्या, परंतु आपली बाटली उठावाच्या अक्षरांची असल्याने छपाईचा आधार येथे मिळणार नाही. तळावर पिसासारखी खरखरीत कड असलेले मोठे वर्तुळ दिसल्यास ती ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्रावरची, म्हणजे १९०३ नंतरची.

या खुणा अमेरिकी बाटल्यांच्या आहेत, ब्रिटिश बाटल्यांना त्या जशाच्या तशा लावू नयेत. शिवाय बाटल्या धुऊन पुन्हा पुन्हा भरल्या जात, त्यामुळे येथे केवळ घडणीचे साल कळते. आणि न्यायाने सांगायचे तर दाजींची बाटली जुनी होतीच. पाहुण्यांसमोर मी तिला ‘नकली’ म्हणालो ते चुकीचे होते, खोटे होते ते साल, आणि बहुधा रंगही. ती चिठ्ठी मात्र अजून कपाटात आहे.

तळावर तिरपा उजेड पाडून छायाचित्र काढा आणि ‘४७’च्या डावीकडे काय आहे ते कळवा.