ॲसिडच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागायचंय. हेवी लायसन्स पुरतं की वेगळं ट्रेनिंग लागतं?

तुम्ही विचारलंय की भाऊ सहा वर्षं मालाचा ट्रक चालवतोय, ट्रान्सपोर्टचं लायसन्स आहे, आता तळोज्याच्या एका ट्रान्सपोर्टरकडे सल्फ्युरिक ॲसिडच्या टँकरवर काम मिळतंय आणि मालक म्हणतो, ‘सर्टिफिकेटचं मी बघतो’. तर भावाला नेमकं काय लागेल?

नुसतं हेवी लायसन्स पुरत नाही. नुसतं सर्टिफिकेटही पुरत नाही, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 9 बघा. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरकडे चालू मुदतीचं ट्रान्सपोर्ट लायसन्स हवं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा (मराठी चालते) आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं, आणि राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेतला तीन दिवसांचा कोर्स पास झालेला हवा. 2019 मध्ये आठवी पासची अट निघाली म्हणून ‘आता शिक्षणाचं काही विचारत नाहीत’ असं स्टँडवर सांगतात. ती अट साध्या ट्रान्सपोर्ट लायसन्सची होती. केमिकलच्या गाडीला लिहिता-वाचता येण्याची अट आजही आहे.

कोर्स झाला की सर्टिफिकेट घेऊन आरटीओकडे जायचं आणि लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद करून घ्यायची. सारथी पोर्टलवर त्यासाठी ‘एन्डोर्समेंट टू ड्राइव्ह हझार्डस मटेरियल’ ही वेगळी सेवा आहे. अर्ज राहत्या पत्त्याच्या आरटीओकडे जातो, नोकरीच्या गावाच्या नाही. म्हणजे भाऊ साताऱ्याला राहत असेल तर तळोजा जवळ म्हणून पनवेलला खेटे घालण्यात अर्थ नाही.

या नोंदीची मुदत वेगळी असते. ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचं, पण धोकादायक मालाची नोंद तीन वर्षांची. 1 सप्टेंबर 2019 पूर्वी ती एकाच वर्षाची होती. नव्या कार्डावर ‘हझार्डस व्हॅलिडिटी’ अशी स्वतंत्र तारीख छापलेली असते, ती बघा. लायसन्स 2029 पर्यंत चालू आणि ही तारीख मात्र गेल्या महिन्यात संपलेली, असं सर्रास सापडतं. नूतनीकरणाला एक दिवसाच्या रिफ्रेशर कोर्सचं सर्टिफिकेट मागतात, त्यामुळे महिनाभर आधीच तयारीला लागा.

आता तीन दिवसांत काय शिकवतात? पहिले दोन दिवस गाडी चालवण्याचे: ब्रेक लागायला किती अंतर लागतं, उतारावरचा गिअर, रात्रीचे दिवे, थांबल्यावर चाकांना अडण, निघण्यापूर्वीची तपासणी, आणि एकेका ड्रायव्हरची रस्त्यावर चाचणी. सहा वर्षं ट्रक चालवलेल्याला यातलं बरंच माहीत असतं. तिसरा दिवस मात्र मालाचा असतो, आणि माझ्या मते सगळा कोर्स त्या एका दिवसासाठी करावा.

त्या दिवशी टँकरच्या बाजूचा आणि मागचा फलक वाचायला शिकवतात. त्यावर मालाचं नाव किमान 50 मिमी उंच अक्षरांत, यूएन क्रमांक (त्या मालाची जगभर चालणारी ओळख) किमान 100 मिमी उंच आकड्यांत, 250 मिमीचं चौकोनी वर्गचिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर असतो. सल्फ्युरिक ॲसिडचा यूएन क्रमांक 1830, वर्ग 8 (म्हणजे जाळणारा, गंजवणारा माल), हॅझकेम कोड 2P. हा कोड म्हणजे माल सांडला किंवा पेटला तर काय करायचं याची खूण. यातला 2 म्हणजे पाणी मारायचं तर बारीक फवाऱ्याने. P म्हणजे पूर्ण अंग झाकणारा रसायनरोधक सूट घालायचा, जोरदार प्रतिक्रिया होऊ शकते हे धरून चालायचं, आणि सांडलेलं भरपूर पाण्याने पातळ करायचं. पेट्रोलचा कोड 3YE आहे. तिथे फोम लागतो, माल गटारात जाऊ न देता अडवायचा आणि लोकांना लांब हलवण्याचा विचार करायचा. म्हणजे एका मालाला धुऊन टाका, दुसऱ्याला अडवा. पाणी मारणं अग्निशमन दलाचं काम. ड्रायव्हरने बादलीभर पाणी ओतलं तर ॲसिड तापून अंगावर उडतं.

ॲसिडच्या गाडीच्या दोन गोष्टी भावाला आधीच सांगून ठेवा. एक, हा माल जड आहे. लिटरला सुमारे 1.84 किलो, म्हणजे 10 हजार लिटरचे 18 टनांवर. टाकी मोठी असली तर वजनाच्या मर्यादेमुळे ती अर्धवटच भरते, आणि अर्ध्या टाकीतला माल वळणावर एका बाजूला धावतो. गाडी उलटते ती त्या हिसक्याने. दोन, 98 टक्क्यांचं ॲसिड साध्या लोखंडी टाकीत राहतं, पण पाणी मिसळून पातळ झालं की लोखंड खातं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून रिकामी टाकी थोड्या पाण्याने खंगाळून तशीच ठेवायची नाही, आणि मॅनहोलजवळ बिडी किंवा वेल्डिंग तर अजिबात नाही. ‘टाकी रिकामी आहे’ म्हणून माणसं बिनधास्त होतात.

केबिनमध्ये ट्रेमकार्ड, म्हणजे त्या मालाचा अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, हवंच. ते इंग्रजीत असेल तर भावाला नीट वाचता येईल अशा भाषेतलंही मागून घ्या. पीव्हीसी सूट, फेसशील्ड, रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळे धुवायला किमान 20 लिटर स्वच्छ पाणी गाडीत असू द्या. डोळ्यात थेंब गेला तर सलग 15-20 मिनिटं धुवावं लागतं, बाटलीभर पाण्याने भागत नाही. गाडी उभी असताना ड्रायव्हर किंवा अठरा वर्षांवरचा जाणकार माणूस जवळ हवा. गाडी ढाब्यावर सोडून झोपायला जाता येत नाही. अपघात झाला तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, मालकालाही. जून 2023 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर पेटला तेव्हा जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला आणि तिथली माणसं होरपळली. गाडीतून सांडलेलं कुठे वाहत जाईल हे आधी बघा, ते यासाठी.

राहिलं मालकाचं ‘मी बघतो’. त्याचा अर्थ बऱ्याचदा न जाता मिळालेलं सर्टिफिकेट असा असतो. नोंदीशिवाय पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(3) खाली पहिल्या वेळी 10 हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातात विमा कंपनी पहिली बघते ती हीच नोंद. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची ट्रान्सपोर्ट वाहनं चालवायला मुभा दिली, तेव्हाही धोकादायक मालाच्या गाड्यांच्या खास अटी कायम ठेवल्या. तेव्हा भावाने स्वतः तीन दिवस बसावं, संस्थेची मान्यता चालू आहे का ते आरटीओत विचारावं, आणि सारथीवर नोंद दिसल्याशिवाय पहिली खेप उचलू नये.