फोर-एच क्लबमध्ये लीडर व्हावे का?

मुलगी फोर-एच या अमेरिकेतल्या मुलांच्या संघटनेच्या क्लबमध्ये रमली आहे, क्लबच्या लीडरबाईंनी तुम्हालाही स्वयंसेवक लीडर होण्याविषयी विचारले आहे, पण शेती आणि जनावरे यांतले काहीच कळत नसल्याने होकार द्यावा की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. होकार द्यावा, असे मला वाटते. मात्र पहिल्या वर्षी संपूर्ण क्लबची जबाबदारी न घेता एखाद्या विषयाचे प्रोजेक्ट लीडर व्हावे.

शेतीची धास्ती या चळवळीच्या इतिहासामुळे वाटते. १९०२ मध्ये ओहायोतील क्लार्क काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी ग्रामीण मुलांसाठी क्लब सुरू केला, आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अशा कामाला लँड-ग्रँट विद्यापीठांच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या अनुदानातून शेतीसारखे विषय शिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठांच्या, एक्स्टेन्शन विभागाचा (विद्यापीठातले ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या विभागाचा) आधार मिळाला. म्हणूनच तुमचा अर्ज आजही काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसकडे जातो. विषय मात्र आता गायी-मेंढ्यांपुरते राहिलेले नाहीत. शिवणकाम, स्वयंपाक, छायाचित्रण, रोबोटिक्स, वक्तृत्व असे पुष्कळ प्रोजेक्ट चालतात, आणि यांपैकी एक गोष्ट जरी तुम्हाला नीट येत असली तरी सुरुवातीला तेवढे पुरते.

अर्ज, ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ, मुलाखत, बॅकग्राउंड चेक आणि मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण, असा साधारण क्रम असतो. तपशील राज्यागणिक बदलतो. अनेक राज्यांत क्लबचे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्यातच चौकशी केलेली बरी. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत एकटे राहू नये, हा नियम काहींना अविश्वासाचा वाटतो. मला तो मुलांइतकाच लीडरच्याही हिताचा वाटतो.

खरी कसोटी लागते ती मासिक सभेत. सभा चालवतात ती मुलांनीच निवडलेले पदाधिकारी: अध्यक्ष सभा सुरू करतो, सचिव मागील सभेचे इतिवृत्त वाचतो, खजिनदार हिशेब सांगतो, एक जण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो आणि मग मतदान होते. दहा-अकरा वर्षांचा अध्यक्ष मध्येच अडखळतो, पुढचा मुद्दा विसरतो, आणि खोलीत अशी शांतता पसरते की मागे बसलेल्या प्रत्येक पालकाच्या ओठांवर ते वाक्य येऊन थांबते. ते वाक्य न उच्चारणे हेच लीडरचे काम आहे. करून शिकायचे हे फोर-एचचे तत्त्व आहे, आणि अडखळणे हा त्या करण्याचाच भाग आहे. याचा अर्थ लीडरने नुसते बसून राहावे असा नव्हे. सभेच्या दोन-तीन दिवस आधी अध्यक्षाबरोबर बसून विषयपत्रिका त्याच्याच हाताने लिहून घेणे, वाद झाला तर मत कसे घ्यायचे याची उजळणी करून घेणे, ही तयारी लीडरलाच करवून घ्यावी लागते. ती चांगली झाली असेल तर सभेत तुम्हाला बोलण्याची वेळ क्वचितच येते.

आपल्या मराठी पालकांविषयी एक स्पष्ट सांगतो. काउंटी फेअरमध्ये, म्हणजे मुले आपले काम मांडतात त्या काउंटीच्या जत्रेत, बहुतेक ठिकाणी डॅनिश पद्धतीने परीक्षण होते, म्हणजे प्रत्येक वस्तू इतरांच्या वस्तूंशी न ताडता ठरलेल्या निकषांवर पाहिली जाते आणि निळी, लाल किंवा पांढरी रिबन दिली जाते. एकाच गटात पाच जणांनाही निळी मिळू शकते. तरीही ‘पहिला कोण आला?’ हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो, आणि फेअरच्या आदल्या रात्री मुलाचा झगा आईच पुरा करते. पुष्कळदा परीक्षक मुलाशी समोरासमोर बोलतात, तेव्हा काम कोणाचे आहे हे दोन प्रश्नांत उघड होते. लीडर म्हणून पालकांना हे वर्षाच्या आरंभीच सांगून ठेवावे लागते, आणि ते मराठीत सांगितले तर कमी बोचते, असा माझा अनुभव आहे.

मुलगी तुमच्याच प्रोजेक्टमध्ये असेल, तर तिची रेकॉर्ड बुक, म्हणजे वर्षभराच्या कामाची तिने ठेवलेली नोंदवही, शक्यतो दुसऱ्या लीडरला पाहू द्यावी. अर्ज भरण्यापूर्वी त्या लीडरबाईंना एवढे अवश्य विचारावे, की त्यांना नेमक्या कोणत्या प्रोजेक्टसाठी माणूस हवा आहे आणि येत्या वर्षी त्या स्वतः क्लबमध्ये राहणार आहेत की नाहीत. त्या सोडून जाणार असतील, तर प्रोजेक्ट लीडर म्हणून आलेल्या माणसाच्या गळ्यात महिन्याभरात संपूर्ण क्लब पडतो.