मॉर्फिन घरी देताना

ताई, खारघरच्या टाटा कॅन्सर रुग्णालयातून बाबांना ठाण्याला घरी आणताय, तर दुखायला लागायची वाट बघून मॉर्फिनची, म्हणजे तीव्र दुखणं शमवणारी, गोळी देऊ नका. साध्या, म्हणजे लगेच काम करणाऱ्या, मॉर्फिनचा असर साधारण 4 तास टिकतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच द्या आणि वहीत नोंदवा. दुखणं एकदा चढलं की लवकर उतरत नाही.

मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून लिहून मागा. 3 दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना कळवा. पुष्कळ घरांत पोट फुगलं की मॉर्फिनच थांबवतात आणि माणूस विनाकारण तळमळतो, हे फार वाईट वाटतं.

हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर पुढची गोळी न देता ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. गोळ्या कुलपात ठेवा. प्रत्येक मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत. आठवडाभराच्या उरल्या की चिठ्ठी घेऊन निघा.