बंड्याच्या प्रशिक्षणावर ३६,००० रुपये खर्च करावेत का?

नाशिकच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश आधी देतो. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात आणि सासूबाई दिवसभर घरी असतात. दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न महिन्याला १,०४,००० रुपये आहे. त्यातून गृहकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ५२,००० आणि एसआयपीचे १०,००० वजा जाता ८,००० उरतात. घरखर्चातच बंड्या या अडीच वर्षांच्या लॅब्रडॉरचे खाणे, लसी आणि औषधे यांचे ६,५०० धरलेले आहेत. अडीअडचणीसाठी २,००,००० रुपयांची मुदत ठेव आहे. बंड्या बेल वाजली की आवरत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो आणि गेल्या काही महिन्यांपासून तो खात असताना कोणी जवळ गेले की गुरगुरतो. मागच्या आठवड्यात त्याच्या भांड्याजवळ झाडत असलेल्या मावशींच्या मनगटाला त्याचा दात लागून ओरखडा उठला. एका प्रशिक्षकाने तीन महिन्यांत घरी येऊन २४ सत्रे घेण्याचे ४०,००० सांगितले असून या महिन्यात सगळे पैसे आगाऊ दिल्यास ३६,००० घेऊ, असे म्हटले आहे. दुसरीकडे शहराबाहेरच्या निवासी केंद्रात सहा आठवडे ठेवण्याचे ६०,००० सांगितले आहेत. तिसऱ्या प्रशिक्षकाची पहिली तपासणीभेट २,५०० रुपयांची आणि पुढचे प्रत्येक सत्र १,२०० रुपयांचे आहे. पतींना वाटते की बंड्याला सिन्नरजवळच्या नातेवाइकांच्या शेतावर सोडावे, तर सासूबाईंना कुत्र्याच्या शिकवणीवर पैसे घालणे ही उधळपट्टी वाटते. ठेव मोडावी की क्रेडिट कार्ड वापरावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, प्रशिक्षणावर खर्च जरूर करा, परंतु ठेव मोडू नका, कार्डही वापरू नका आणि ३६,००० रुपये एकरकमी तर मुळीच देऊ नका. तिसऱ्या प्रशिक्षकाकडून थोडी थोडी सत्रे घेत तुमच्या मासिक शिलकीतून हा खर्च भागतो.

त्याआधी या आठवड्यातला एक खर्च राहिला असेल तर तो उरकून घ्या. मावशींना डॉक्टरांकडे नेले होते का, हे तुमच्या पत्रात नाही. रक्त न येता नुसता ओरखडा उठला असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची लस सुरू करणे आवश्यक मानले जाते. रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचाही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा) विचार होतो. बंड्याचे लसीकरण झालेले आहे, हे डॉक्टरांना सांगा आणि दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण लशीचा निर्णय घरी बसून घेऊ नका. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. मावशींचा जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांचा पगार मात्र तुम्हीच द्यायला हवा, आणि तो त्यांना मागावा लागू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला गंभीर इजा होण्याचा संभव असताना मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एकदा दात लागल्यानंतर आपल्याला कल्पना नव्हती, असे तुम्हांला यापुढे म्हणता येणार नाही.

आता निवासी केंद्राचा विचार करू. कुत्रा जे शिकतो ते जागेशी, माणसांशी आणि प्रसंगाशी जोडून शिकतो. केंद्राच्या मोकळ्या आवारात, अनोळखी प्रशिक्षकाच्या आज्ञेवरून बसायला शिकलेला बंड्या तुमच्या दिवाणखान्यात बेल वाजल्यावर तसाच बसेल, असे गृहीत धरता येत नाही, कारण तिथे ती बेल नाही, ते दार नाही आणि घरात शिरणारे शेजारीही नाहीत. शिवाय त्याचे गुरगुरणे त्याच्या भांड्याच्या कोपऱ्याशी आणि त्या कोपऱ्यात येणाऱ्या तुमच्या घरच्या माणसांशी निगडित आहे. जिथे अडचण उद्भवत नाही तिथे सहा आठवडे ठेवण्यासाठी ६०,००० रुपये मोजायचे आणि परत आल्यावर घरच्यांनी पुन्हा सुरुवात करायची, हा सौदा मला पटत नाही. बंद दाराआड कुत्र्याशी कसे वागले जाते, हे तुम्हांला पाहताही येणार नाही.

२४ सत्रांच्या पॅकेजविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. प्रशिक्षक कुत्र्याला शिकवतो, अशी आपली समजूत असते, परंतु चांगला प्रशिक्षक मुख्यतः घरच्या माणसांना शिकवतो. खाताना कोणी जवळ आले की आपले अन्न जाणार, ही बंड्याची भीती घालवायची असेल तर जवळ येणारा माणूस काहीतरी अधिक चांगले घेऊन येतो, हा अनुभव त्याला शेकडो वेळा मिळावा लागतो. सुरुवातीला चार पावलांवरून चिकनचा तुकडा टाकून निघून जायचे, तो निवांत दिसला तरच काही दिवसांनी अंतर थोडे कमी करायचे, आणि तो ताठरला तर मागे सरायचे, अशी ही संथ चाल असते. धाक बसावा म्हणून त्याचे भांडे मधूनच उचलण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. तिने त्याची भीती खरी ठरते आणि गुरगुरणे वाढते. हा सराव रोज दहा-पंधरा मिनिटे घरच्यांनीच करायचा असल्यामुळे आठवड्यातून एक सत्र पुरेसे असते आणि मधले सहा दिवस सरावासाठी लागतात. आठवड्यातून दोनदा प्रशिक्षक येणार, कुत्र्याला घेऊन फिरणार आणि घरची माणसे आपल्या कामात राहणार असतील, तर तुम्ही शिकवणीचे नव्हे, फिरवण्याचेच पैसे दिलेत असे होईल.

म्हणूनच या व्यवहारात सासूबाईंचे मत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बंड्याबरोबर सर्वाधिक तास त्या घालवतात. तुम्ही दोघांनी सकाळ-संध्याकाळ नियम पाळला आणि दुपारी मात्र तो भुंकला की गप्प बसावा म्हणून त्याला पोळी मिळत राहिली, तर कितीही महाग प्रशिक्षक आणला तरी पैसे वाया जातील. त्यांचा विरोध बाजूला सारून पैसे भरण्याऐवजी पहिल्या तपासणीभेटीच्या वेळी त्यांना समोर बसवा, त्यांच्या अडचणी आणि गुडघ्यांच्या मर्यादा प्रशिक्षकाला सांगू द्या आणि दुपारचा सराव त्यांना झेपेल असाच आखून घ्या. उधळपट्टीविषयीची त्यांची शंका अगदी रास्त आहे. ती घरच्यांच्या सहभागानेच दूर होऊ शकते.

प्रशिक्षण सुरू करण्याआधी बंड्याची पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या. पूर्वी शांत असलेला कुत्रा अलीकडे गुरगुरू लागला असेल तर त्यामागे वेदना असण्याची शक्यता मोठी असते. लॅब्रडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष वारंवार आढळतो, आणि लोंबत्या कानांमुळे आत ओल राहून कानाचा संसर्गही सहज होतो. दुखणारा कान घेऊन बसलेल्या प्राण्याला शिस्त लावू पाहणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि पैशाच्या दृष्टीनेही निष्फळ आहे.

आता आकडे पाहू. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हांला दरमहा ८६,००० रुपये लागतातच. २,००,००० रुपयांची ठेव म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांची तरतूद आहे, आणि दोघांच्या नोकऱ्यांवर गृहकर्ज उभे असताना ती निदान तीन महिन्यांची असावी, असे मी सुचवीन. त्यातून ३६,००० काढले तर ती दोन महिन्यांच्याही खाली येते. क्रेडिट कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मिळवला, तर ३६,००० रुपये दरमहा ८,००० प्रमाणे फेडायला पाच महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो आणि वर साडेचार हजारांहून अधिक रुपये जातात. म्हणजे आगाऊ रकमेवर मिळणारी ४,००० ची सवलत कार्डाच्या व्याजातच संपते. तेवढा काळ कार्डावरच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

मी सुचवतो ती आखणी अशी आहे. पहिल्या महिन्यात पशुवैद्यांसाठी ३,०००, तपासणीभेटीसाठी २,५०० आणि दारात लावायची जाळी, हार्नेस व श्वास घेता येईल अशी जाळीदार मुसकी यांसाठी २,५०० बाजूला काढा. तुमची त्या महिन्याची ८,००० ची शिलक यातच संपते. पुढच्या दोन महिन्यांत सहा सत्रांचे ७,२०० होतील आणि १६,००० पैकी ८,८०० हाताशी उरतील. फरक दिसला तर त्यानंतर दर पंधरवड्याला एक, याप्रमाणे आणखी सहा सत्रे घ्या. एकूण खर्च २२,४०० च्या आसपास राहतो, तो सहा महिन्यांत पसरतो आणि एसआयपीलाही धक्का लागत नाही. पशुवैद्यांनी क्ष-किरण तपासणी सांगितली तर सत्रे एक महिना पुढे ढकला. तोवर मावशींच्या कामाच्या वेळी बंड्याला दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि तो खात असताना कोणीही तिकडे न जाणे, एवढे तरी आजपासून करा. त्याला पैसे लागत नाहीत आणि पुढची इजा टळते.

हा खर्च जास्त वाटत असेल तर तो एकूण जबाबदारीशी ताडून पाहा. लॅब्रडॉर साधारण दहा ते बारा वर्षे जगतो. आजच्या ६,५०० रुपयांच्या हिशेबाने पुढच्या आठ वर्षांत, महागाई न धरताही, बंड्यावर ६,२४,००० रुपये खर्च होणार आहेत. ज्या घराने ही जबाबदारी आधीच स्वीकारली आहे, त्याने घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी आणि त्या प्राण्याच्या स्वास्थ्यासाठी त्यातील साडेतीन टक्क्यांच्या आसपास रक्कम वेगळी काढणे मला पूर्णतः योग्य वाटते. शेतावर सोडण्याचा पर्याय कागदावर बिनखर्चाचा दिसतो, परंतु दात लागल्याची गोष्ट नातेवाइकांना न सांगता त्याला तिथे पाठवणे अयोग्य आहे, आणि सांगितल्यावर त्यांनी घेतले तरी तिथल्या मुलांच्या बाबतीत तोच धोका उभा राहतो.

प्रशिक्षक निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे हा व्यवसाय करण्यासाठी सक्तीचा सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हांलाच करावी लागेल. कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता, असे सरळ विचारा. गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा किंवा विजेचा झटका यांचा उल्लेख आला तर तिथेच थांबा. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात. मारून-दटावून गुरगुरणे बंद करता येते, पण आतली भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावतो. तुमच्या घरात हा सर्वांत महाग पडणारा परिणाम असेल. कोणी खात्रीची हमी देत असेल तर तेही सावध होण्याचे कारण समजा. प्रत्येक सत्राचे पैसे त्या त्या वेळी द्यायचे आणि सहाव्या सत्रानंतर पुढचे ठरवायचे, एवढे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ४,००० ची सवलत या महिन्याबरोबर संपली तर संपू द्या.

सहाव्या सत्रापर्यंत एका वहीत तारीख, प्रसंग आणि बंड्याने काय केले, एवढे लिहीत जा. दोन महिन्यांत गुरगुरण्याचे प्रसंग कमी झाले, किंवा त्याला पूर्वीपेक्षा जवळून माणूस गेलेला चालू लागला, तर पुढची सहा सत्रे घ्या. प्रसंग तेवढेच राहिले तर प्रशिक्षक बदला. मात्र एखादा चावा खोल गेला किंवा प्रसंग वाढले, तर सत्रे थांबवून प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांकडे जा. काही कुत्र्यांना प्रशिक्षणाबरोबर औषधांचीही गरज पडते. तशी वेळ आली आणि महिन्याची शिलक पुरेना, तर तेव्हा मात्र मुदत ठेवीतून लागेल तेवढी रक्कम निःसंकोच काढा, कारण ती ठेव अशाच प्रसंगासाठी आहे.